तेरा मायक्रॉनची मोकळीक

बरोबर २५ मिलिमीटर जाडीचा शाफ्ट, म्हणजे यंत्रातला फिरणारा दांडा, आजवर जगात कुणीही बनवलेला नाही. ड्रॉइंगवर २५ लिहिलेलं असतं, मशीनवर २५ सेट केलेलं असतं, पण बाहेर पडणारा जॉब २५.००४ निघतो, पुढचा २५.००९, त्याच्या पुढचा २४.९९८. मशीन कितीही महागडं असो, ऑपरेटर कितीही मुरलेला असो, आकडे एकमेकांच्या जवळ येतात, एक होत नाहीत. मेकॅनिकल इंजिनिअर नेमकं करतो काय, असं कुणी विचारलं की मी इथूनच सुरुवात करतो. वस्तू चुकणारच आहे. किती चुकली तर चालेल हे आधी ठरवायचं, आणि ती त्या हद्दीतच चुकत राहील अशी व्यवस्था लावायची. आमच्या धंद्याचा गाभा एवढाच आहे.

लोकांच्या डोळ्यासमोर एक तर ग्रीसने हात काळे झालेला माणूस येतो, नाही तर कॉम्प्युटरवर रंगीत गिअर फिरवत बसलेला. दोन्ही आमच्यातलेच. पण काळे हात असोत की माऊस, डोक्यात चाललेला हिशोब बहुतेक वेळा एकच असतो: किती मोकळीक द्यायची?

तो २५ चा शाफ्टच घेऊ. त्याच्या टोकावर बॉल बेअरिंग बसवायचं आहे, म्हणजे दोन रिंगा आणि त्यांच्या मधे फिरणाऱ्या गोळ्या. अशा शाफ्टच्या ड्रॉइंगवर २५ च्या पुढे एक अक्षर आणि एक आकडा असतो, उदाहरणार्थ ‘के ६’. ही आंतरराष्ट्रीय मानकातली सांकेतिक भाषा. अक्षर सांगतं की मोकळीक २५ च्या वर ठेवायची की खाली, आणि आकडा सांगतो की ती किती रुंद. २५ मिलिमीटरला के ६ म्हणजे शाफ्ट २५.००२ पेक्षा बारीक नको आणि २५.०१५ पेक्षा जाड नको. मधलं अंतर १३ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सुतार ज्याला एक सूत म्हणतो ते इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन हजार मायक्रॉनच्या वर. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे शाफ्ट बनवणाऱ्याला चुकायला जी जागा आम्ही देतो ती केसाच्या पाचव्या भागाएवढी.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? कारण बेअरिंग बनवणारा कारखाना वेगळा, शाफ्ट बनवणारा वेगळा, दोघांची कधी गाठ पडत नाही, आणि तरीही पहिल्या फटक्यात जोडी जमली पाहिजे. पूर्वी तसं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कारागीर नट आणि बोल्ट जोडीनेच बनवायचे; एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागेलच याची खात्री नसे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचं ठरावीक माप सुचवलं, आणि कुठलाही नट कुठल्याही बोल्टला लागण्याची सोय हळूहळू झाली. आज तालुक्याच्या दुकानात जाऊन ‘६२०५ द्या’ म्हटलं की हातात बेअरिंग पडतं. ते चिंचवडला बनलेलं असो की जपानमध्ये, तुमच्या मोटरीत बसतं. सांगायला हरकत नाही, तो आकडाही वाचता येतो: शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणायचं. शून्य पाच गुणिले पाच, म्हणजे भोक २५ मिलिमीटरचं. शून्य चारपासून वर हा हिशोब लागू. छताच्या पंख्यात पुष्कळदा ६२०२ असतं, तिथे मात्र तो चालत नाही. त्याचं भोक १५ मिलिमीटरचं.

आता या ६२०५ चं भोकही बरोबर २५ चं नसतं. ते २४.९९० ते २५.००० असतं, म्हणजे कायम थोडं लहानच. शाफ्ट थोडा जाड, भोक थोडं लहान. मग बसणार कसं? बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो तसं. लोखंडी धाव चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान ठेवायची, शेणाच्या गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, फुगली की चाकावर टाकायची आणि वरून पाणी ओतायचं. गार होताना ती आवळते आणि आऱ्या-पुठ्ठे सगळं एकजीव धरून ठेवते. कारखान्यात गोवऱ्यांऐवजी इंडक्शन हीटर असतो आणि बेअरिंग ८०-१०० अंशांपर्यंतच तापवतात, कारण फार तापलं तर त्याच्या पोलादाचा कडकपणा उतरतो. बाकी तत्त्व लोहाराचंच. आमच्याकडे त्याला ‘इंटरफिअरन्स फिट’ असं भारदस्त नाव आहे.

सगळंच आवळून बसवायचं नसतं. दाराच्या बिजागरीचा खिळा फिरला पाहिजे, सायकलच्या सीटचा दांडा हाताने वरखाली झाला पाहिजे पण डुलता कामा नये. कुठे सैल, कुठे घट्ट, कुठे हातोडीच्या दोन टपल्यांनी बसेल असं, हे प्रत्येक जोडाला वेगळं ठरतं. इंजिनमध्ये असे शेकडो जोड असतात, आणि प्रत्येकाच्या मागे कुणीतरी बसून ‘इथे किती?’ हा निर्णय घेतलेला असतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकाचा व्ही दुसऱ्याच्या खाचेत बसवायला लावतात. आठवडाभर घासून तळहाताला फोड येतात, आणि उजेडासमोर धरलं की फटीतून दिवसच दिसतो. तेव्हा आम्हाला ती शिक्षा वाटायची. आज वाटतं, चार वर्षांतला सगळ्यात खरा पेपर तोच होता.

मोकळीक जितकी कमी तितकी वस्तू चांगली, असा समज होतो. माझाही होता. ट्रेनी असताना मी एका साध्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग काढलं होतं. भिंतीला ठोकायचा, एक पाइप धरायचा, एवढंच त्याचं काम. मी प्रत्येक मापाला दहा मायक्रॉनची मोकळीक लिहून टाकली. काटेकोर दिसलं पाहिजे ना. टूल रूमचे फोरमन काका ड्रॉइंग घेऊन आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “साहेब, हे घड्याळात बसवायचंय का?” मग त्यांनी हिशोब मांडला. अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक असेल तर पत्रा कापला, वाकवला, संपलं. शंभर मायक्रॉन म्हणालात तर मिलिंग आलं. दहा म्हणालात तर ग्राइंडिंग, मोजायला वेगळं उपकरण, ग्राइंडिंगच्या रांगेत दोन दिवस, आणि वर दहातले तीन जॉब रिजेक्ट. तीस रुपयांचं काम तीनशेला पडणार, आणि भिंतीला त्यातलं काही कळणार नाही. कुठे ढिलाई चालते हे ज्याला कळत नाही तो इंजिनिअर कंपनीला महागात पडतो. ज्याला फक्त ढिलाईच कळते तो ग्राहकाला.

शाफ्टकडे परत येऊ, कारण त्यात आणखी एक जागा आहे जी बाहेरच्या माणसाला शोभेची वाटते. बेअरिंग जिथे येऊन टेकतं तिथे शाफ्टची जाडी एकदम वाढते, पायरीसारखी. त्या पायरीचा आतला कोपरा काटकोनात नसतो, थोडा गोलसर असतो. एक तार घ्या, पुढे-मागे वाकवत राहा. एका झटक्यात न तुटणारी तार वीस-पंचवीस वेळा वाकवली की तुटते. फिरणाऱ्या शाफ्टचं तेच होतं. त्याला जोडलेल्या पट्ट्याची ओढ एकाच बाजूने असते, शाफ्ट फिरतो, म्हणजे त्याचा प्रत्येक कण एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. मिनिटाला १४४० फेऱ्या असतील तर दिवसभराच्या दोन पाळ्यांत चौदा लाख वेळा. टोकदार कोपऱ्यात हा ताण गोळा होतो, तिथे डोळ्याला न दिसणारी चीर सुरू होते आणि एके दिवशी शाफ्ट मुळ्यासारखा तुटतो.

हे ज्ञान फार महागात मिळालं आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस तुटला. मागचे डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. चांगलं लोखंड, वजन पेलण्याइतकं जाड, तरी तुटलं कसं, याचं उत्तर तेव्हा कुणाकडे नव्हतं. पुढे ऑगस्ट व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनिअरने वर्षानुवर्षं आस फिरवत ठेवून ते किती भाराला किती फेऱ्यांनंतर तुटतात याची नोंद केली. पोलादाला एक पातळी असते. ताण त्याखाली राहिला तर ते जवळजवळ कायम टिकतं. अ‍ॅल्युमिनिअमला अशी स्पष्ट पातळी नाही, त्याचं आयुष्य फेऱ्या मोजूनच ठरवावं लागतं.

मग कोपरा ऐसपैस गोल ठेवला की झालं? तसं करता येत नाही. बेअरिंगच्या कडेचाही गोलवा असतो, ६२०५ चा किमान एक मिलिमीटर. शाफ्टचा कोपरा त्याहून मोठा झाला तर बेअरिंग त्या गोलाईवरच अडकतं, पायरीला टेकतच नाही, आणि वाकडं बसतं. शाफ्ट म्हणतो गोलाई वाढव, बेअरिंग म्हणतं कमी कर. आम्ही ०.८ लिहून दोघांची समजूत काढतो. सीएनसी लेथच्या टिपचं, म्हणजे धातू कापणाऱ्या तुकड्याचं, नाकही ०.८ चं मिळतं, त्यामुळे ती टिप कोपऱ्यात गेली की ०.८ ची गोलाई आपोआप उमटते. मागे आमच्या एका व्हेंडरकडचे शाफ्ट तुटायला लागले तेव्हा मटेरियल तपासलं, हीट ट्रीटमेंट तपासली, लॅबचे रिपोर्ट आले, सगळं ठीक. शेवटी मशीनशेजारी उभा राहिलो. ऑपरेटर सहज म्हणाला, “०.८ ची टिप संपली होती साहेब, आठ दिवस ०.४ च लावली. माप तर बरोबर येत होतं.” माप येतच होतं. कोपऱ्याची गोलाई कुणी मोजतच नव्हतं.

अशा गोष्टी ऑफिसात बसून कळत नाहीत. पण ऑफिसात बसावं लागतं, आणि पुष्कळ बसावं लागतं. सकाळी साडेआठला प्रॉडक्शन मीटिंग: काल किती निघाले, किती रिजेक्ट, कुठली लाइन थांबली आणि का. त्यानंतर ग्राहकाचे मेल, व्हेंडरचे फोन, डिस्पॅचची घाई. डिझाइनवाला नवीन मॉडेल काढतो, प्रोसेसवाला ते कुठल्या मशीनवर किती सेकंदांत होईल ते बसवतो, मेंटेनन्सवाला रात्री दोनला झोपेतून उठतो, क्वालिटीवाला सगळ्यांच्या शिव्या खातो. डिग्री एकच, कामं चार. मी यांपैकी तीन केली आहेत, मेंटेनन्स केलं नाही आणि झोपेची किंमत कळते म्हणून करणारही नाही.

कागदांतला एक कागद मात्र समजून घेण्यासारखा आहे. त्याला एफएमईए म्हणतात. वस्तू बनण्याआधी टेबलाभोवती बसायचं आणि ती कशी कशी बिघडेल ते लिहून काढायचं. मग प्रत्येक बिघाडाला १ ते १० असे तीन गुण: बिघडलं तर किती गंभीर, किती वेळा बिघडेल, आणि माल बाहेर जाण्याआधी आपल्याला सापडेल का. तिसऱ्या गुणात सहज सापडत असेल तर १ किंवा २, सापडणं अवघड असेल तर ९-१०. नीट केला तर हा फार प्रामाणिक कागद आहे. बहुतेक ठिकाणी ऑडिटच्या आदल्या रात्री मागच्या मॉडेलचा कॉपी-पेस्ट होतो. तक्रार आल्यावरच्या रिपोर्टचंही तसंच. ‘मूळ कारण’ या रकान्यात ‘ऑपरेटरची चूक’ आणि ‘उपाय’ या रकान्यात ‘ऑपरेटरला ट्रेनिंग दिले’ असं दिसलं की समजावं, कुणी मशीनपर्यंत गेलेलं नाही.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती या तिसऱ्या गुणाचीच आहे.

आम्ही एका छोट्या ब्लोअरची मोटर बनवायचो. बॉडी अ‍ॅल्युमिनिअम डायकास्टिंगची, म्हणजे साच्यात ओतलेली, दोन्ही टोकांना ६२०५, शाफ्टवर पंखा. बेअरिंगची बाहेरची रिंग ५२ मिलिमीटरची, ती बॉडीतल्या भोकात बसते. तिथली मोकळीक अशी ठेवली होती की बेअरिंग अंगठ्याने दाबून आत जावं आणि डुलू नये. एफएमईएमध्ये ‘बॉडीत बेअरिंग ढिले’ अशी ओळ होती, आणि सापडण्याचा गुण होता २, कारण आम्ही एकूण एक बॉडी मोजत होतो.

मोजत होतो ते कुठे, हे सांगितलं पाहिजे. जगभर मापं २० अंश सेल्सिअसला धरतात, तसं मानकच आहे. त्यामुळे प्रत्येक बऱ्या कारखान्यात एक थंडगार खोली असते. मे महिन्यात शॉप फ्लोअरवर ३८ अंश असतात, आणि या खोलीत शाल घेऊन बसलेली क्वालिटीची मुलगी दिसते. बाहेरून आलेला जॉब लगेच मोजायचा नाही. तो ग्रॅनाइटच्या पाट्यावर ठेवून निवू द्यायचा. कारण १८ अंश जास्त गरम असलेला २५ चा शाफ्ट पाचेक मायक्रॉन फुगलेला असतो, आणि आपली एकूण मोकळीकच १३ ची. हातात धरून गप्पा मारत मोजला तरी आकडा हलतो. तर अशा शिस्तीत आम्ही मोजत होतो आणि सगळं पास होत होतं.

मार्चपासून तक्रारी यायला लागल्या. मोटर आवाज करते. अकोल्याहून, जालन्याहून. नाशिकहून एकही नाही. परत आलेल्या मोटरी आमच्याकडे लावून बघितल्या तर काहींचा आवाज येई, काहींचा येतच नसे. सर्व्हिसवाले म्हणाले बेअरिंग खराब, परचेसवाले म्हणाले बेअरिंग चांगल्या कंपनीचं आहे, तुमचं फिटिंग खराब. दोन आठवडे असेच मेल-मेल खेळण्यात गेले. मग एप्रिलमध्ये मी अकोल्याची गाडी पकडली.

अकोला म्हणजे डाळ मिलचं गाव. मिलमध्ये शिरलो तर हवेत तुरीच्या टरफलांचा बारीक भुसा तरंगत होता. पाच मिनिटांत भुवया पिवळ्या झाल्या. बाहेर ४४ अंश, आत पत्र्याखाली त्याहून जास्त. आमची मोटर कोपऱ्यात होती. तिच्या बॉडीवर उष्णता बाहेर जावी म्हणून आम्ही पन्हाळी दिल्या होत्या, त्या भुश्याने लिंपल्यासारख्या भरून गेल्या होत्या. बेअरिंगपाशी टेम्परेचर गन धरली: ९४ अंश.

मिलचे फिटर पन्नाशीचे, कानावर पेन्सिल. त्यांनी आधीच उघडून ठेवलेली एक मोटर माझ्यासमोर सरकवली. बेअरिंगच्या भोकात आतून सगळीकडे ठिपके होते, रांगेने, रांगोळीसारखे. सेंटर पंच ठेवून हातोडी मारली की ठिपक्याच्या कडेला धातू वर येतो आणि भोक तेवढं आवळतं. ढिलं बेअरिंग घट्ट करायचा हा जुना फिटरी उपाय. एका मोटरीत तर पत्र्याची पातळ पट्टी घातली होती. मी विचारलं, “भाऊ, हे कशाला केलं?”

ते म्हणाले, “गरम झाली का ढिली होते, गार झाली का पुन्हा धरते. तुमी तिथं गारच मोजत असान, साहेब.”

तिथेच, पोत्यावर बसून, मी मोबाइलवर हिशोब केला. पोलाद एका अंशाला दर मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं, आमचं अ‍ॅल्युमिनिअम २२ च्या आसपास. बेअरिंग पोलादाचं, बॉडी अ‍ॅल्युमिनिअमची. दोन्ही तापतात, पण बॉडीचं भोक जास्त फुगतं. २० अंशांवरून ९४ वर गेल्यावर ५२ मिलिमीटरच्या भोकात बेअरिंगच्या मानाने ३८ मायक्रॉनची जास्तीची फट पडते. ड्रॉइंगप्रमाणे गार असताना सगळ्यात सैल जोडीत ३१ मायक्रॉनची फट चालणार होती. बेरीज ६९. आमची क्वालिटीची खोली ज्याला पास म्हणत होती, त्यात अकोल्यात केस घालता आला असता.

नुसती फट असती तरी एक वेळ निभावलं असतं. पंख्याच्या पात्यांवर भुसा बसला होता, एका पात्यावर जास्त, दुसऱ्यावर कमी. म्हणजे पंखा एका बाजूला जड. जड बाजू शाफ्टबरोबर फिरते आणि बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला चहूबाजूंनी ढकलत राहते. ढिली रिंग भोकात हळूहळू सरकत फिरायला लागते आणि मऊ अ‍ॅल्युमिनिअम खरवडते. उघडलेल्या मोटरीत ते दिसतच होतं: रिंग आरशासारखी घासलेली आणि भोकात काळी पूड. नाशिकच्या ग्राहकांकडे तेवढा उन्हाळाही नव्हता आणि भुसाही नव्हता.

पुण्याला आलो तेव्हा पहिली सूचना अपेक्षित होती: भोक घट्ट करा, दहा-वीस मायक्रॉन कमी करा. हिशोब मांडला तर ते जमेना. ९४ अंशांनाही धरून राहायचं तर गार असताना ४० मायक्रॉन किंवा जास्तच आवळावं लागणार. आणि बेअरिंगच्या आतही एक मोकळीक असते, गोळ्या आणि रिंगांच्या मधली. साध्या ६२०५ मध्ये ती ५ ते २० मायक्रॉन. बाहेरून एवढं आवळलं की ती संपते, गोळ्या अडकतात. अकोल्याची मोटर वाचली असती आणि जानेवारीत पहाटे नाशिकची जाम झाली असती. आतली मोकळीक जास्त असलेलं, ‘सी ३’ छापलेलं बेअरिंग मिळतं, पण त्यानेही एवढी तफावत भरून निघत नव्हती.

दुसरी सूचना: माहितीपत्रकात लिहा की दर आठवड्याला पन्हाळी आणि पंखा साफ करावा. लिहिलं. पण मी त्या मिलमध्ये उभा राहून आलो होतो. हंगामात तिथे माणसाला चहा प्यायला फुरसत नसते. साफसफाई होणार नाही असं धरूनच हिशोब करायचा, झाली तर तो बोनस.

तिसरा उपाय तात्पुरता म्हणून लागलीच सुरू केला: रिंगेला एक चिकटद्रव्य लावून बेअरिंग बसवायचं, ते सुकून फट भरून काढतं. आवाज थांबले, सर्व्हिसवाले भडकले. आता बेअरिंग काढायचं तर बॉडी तापवावी लागे, आणि गावोगाव फिरणाऱ्या मेकॅनिकने बर्नर कुठे न्यायचा? त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी क्वालिटीत होतो म्हणून माझा प्रश्न सुटला होता, त्यांचा नव्याने सुरू झाला होता.

कायमचा उपाय शेवटी असा ठरला. बॉडी ओततानाच साच्यात एक पोलादी कडं ठेवायचं आणि बेअरिंग त्या कड्यात बसवायचं. पोलाद पोलादात, दोघं सारखेच तापले की सारखेच वाढणार. मग कडंच अ‍ॅल्युमिनिअममध्ये ढिलं होईल त्याचं काय? म्हणून कड्याच्या बाहेरच्या अंगाला खाचा आणि दातेरी नर्लिंग. वितळलेलं अ‍ॅल्युमिनिअम त्यात शिरतं, गोठताना कड्यावर आवळतं, आणि दात्यांमुळे कडं फिरू शकत नाही. बैलगाडीच्या धावेचाच चुलतभाऊ. डायमध्ये बदल करायला दोन महिने गेले. मोटरमागे दोन वडापावांएवढा खर्च वाढला, आणि त्या दोन वडापावांवरून परचेसशी तीन मीटिंगा झाल्या. परत आलेल्या मोटरींचं गाडीभाडं, सर्व्हिसवाल्यांचे फेरे, बदललेल्या बेअरिंगांचे पैसे असा कागद पुढे ठेवला तेव्हा सही झाली.

एफएमईएच्या त्या ओळीत सापडण्याचा गुण २ चा ८ केला, आणि मोटर पास करण्याआधी दर लॉटमधले काही नमुने ९५ अंशांच्या ओव्हनमध्ये तापवून, पंख्याला मुद्दाम वजन चिकटवून चालवायची चाचणी घातली. ऑडिटरने विचारलं, हे वजन कशाचं? मी म्हणालो, तुरीच्या भुश्याचं. त्याने वहीत काहीतरी लिहिलं, काय ते दाखवलं नाही.

पुढच्या मे महिन्यात मी अकोल्याला फोन लावला. मोटर चालू होती, आवाज नव्हता. फिटर भाऊ मात्र फारसे खूश वाटले नाहीत. बेअरिंग जुनं झालं म्हणून त्यांनी एक मोटर उघडली होती, सवयीने पंच ठेवला होता आणि तो पोलादी कड्यावरून टणकन उडाला होता.

“पंच मारायला जागाच नाही ठेवली तुमी,” म्हणाले.